हेल्मेट घातलेलं पोतं

आमच्या घरमालकांना म्हैसूरच्या कुवेंपुनगरातले लोक झाडावर चढणारे मामा म्हणून ओळखत. मी त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर काही वर्षं भाड्याने राहिलो. तेवढ्या काळात ते झाडावर दोन फुटांच्या वर गेलेले मी पाहिले नाहीत.

यात त्यांचा काही खोटेपणा नव्हता. त्यांच्याकडे चढाईचा खास दोर होता, कमरेला आणि मांड्यांना अडकवायचा पट्टा होता, लाल हेल्मेट होतं, आणि मागच्या अंगणात रुंद फांद्यांचा एक जुना फणस होता. कमी होती ती फक्त गाठीची. कोणत्या गाठीवर जीव टाकायचा हे एकदा ठरलं की ते चढणार होते. ठरवणं चालू होतं.

आणि तिथेच मामींचं सगळं अडलं होतं. मामांचा उजवा गुडघा पार झिजला होता. डॉक्टरांनी सांगितलं, बदलून घ्या. मामांनी विचारलं, नंतर झाडावर चढता येईल का. डॉक्टर म्हणाले, या वयात झाड विसरा. घरी येऊन मामांनी क्रम लावला: आधी गाठ, मग झाड, मग गुडघा. तोपर्यंत भाजीच्या पिशव्या, गॅसची टाकी, बँक, दळण, सगळं मामींकडे. पायऱ्या उतरताना मामांचा निम्मा भार मामींच्या खांद्यावर असे. तो खांदाही झिजत असणार, पण त्याबद्दल कोणी डॉक्टरांना विचारलं नव्हतं.

हे लिहिताना मला वाईट वाटतंय, कारण तेव्हा मी मामांच्या पक्षात होतो. तसं मला अपराधी वाटायला फारसं कारण लागत नाही. एटीएमच्या रांगेत मागे कोणी खोकलं तरी मी पैसे न काढता बाजूला होतो. माझा हा स्वभाव मामांनी पहिल्याच दिवशी ओळखला.

बदली होऊन मी नगरहून म्हैसूरला आलो, तेव्हा जागा बघायला वळकटी घेऊनच गेलो होतो. मामांनी माझी नोकरी विचारली नाही, पगार विचारला नाही, घरात काय शिजवणार तेही विचारलं नाही. खुर्चीत बसून त्यांनी वळकटी मांडीवर घेतली आणि तिची गाठ चष्मा वर करून पाहिली.

"ही कोणी बांधली?"

"मी."

"का?"

वळकटी का बांधली हे मला तोवर कोणी विचारलं नव्हतं. मी माफी मागितली. त्यावर मामा खूश झाले. म्हणाले, "ही पार्सलची गाठ. पार्सलला चालते. पार्सलला आई नसते, अष्टे." अष्टे म्हणजे एवढंच. मामांचं घराणं जुन्या म्हैसुरी फौजेबरोबर इथे आलेलं. घरात मराठी बोलत, पण वाक्याची सुरुवात मराठीत झाली म्हणून शेवटही मराठीत होईल याचा नेम नसे. पूर्वज घोड्यांच्या पागेत होते आणि त्यांनी बांधलेला एकही घोडा कधी सुटला नाही, असं ते सांगत. घोड्यांकडून खात्री करून घ्यायची सोय नव्हती.

जागा मला मिळाली. जागेबरोबर एक कामही मिळालं. मामांचा नियम होता की गाठीवर दोन डोळे स्वतःचे आणि दोन परक्याचे फिरले पाहिजेत. बांधणाऱ्याला आपली चूक दिसत नाही, तिला शाबासकी दिसते. घरातल्या माणसाचे डोळे चालत नाहीत, कारण घरातला माणूस दमलेला असतो. तेव्हा परके डोळे मी झालो.

हा नाद त्यांना लागला बैलकुप्प्यात. एका सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर दोघं तिकडचे तिबेटी मठ बघायला गेले होते. तिथे एक तरुण भिक्षू दोराने झाडावर चढून रंगीत पताका बांधत होता. काम झाल्यावर तो फांदीवर पाय सोडून नुसता बसला, आणि कोणाकडेही न बघता हसला. मामा म्हणत, कचेरीत इतकी वर्षं काढली, पण असं बसायला कोणी सांगितलं नाही. भिक्षू खाली आल्यावर मामांनी त्याला विचारलं, कोणती गाठ होती. तो म्हणाला, "गोत्तिल्ला सार, कट्टिदे अष्टे." म्हणजे माहीत नाही साहेब, बांधली, एवढंच. मामांना त्याच्यासारखं बसायचं होतं, पण या उत्तरावर वर जाणं त्यांना शक्य नव्हतं. एका मिनिटात त्यांना छंद मिळाला आणि त्या छंदाची अडचणही.

मग त्यांनी मोबाइलवर बघून गाठी शिकायला घेतल्या. गाठींविषयी ते कचेरीतल्या माणसांविषयी बोलावं तसं बोलत. बोलाइन म्हणून एक गाठ आहे, दोराला पक्का फास करणारी. तिच्याबद्दल त्यांचं मत: "ओझं असेल तोवर प्रामाणिक. मोकळी सोडली की सैल पडते. तिच्यावर पहारा ठेवावा लागतो." म्हणून बोलाइनच्या उरलेल्या शेपटाला ते आणखी एक गाठ मारत आणि तिला शिपाई म्हणत. चढताना हाताने वर सरकवायची आणि भार पडला की दोराला घट्ट धरणारी गाठ वेगळी. तिचं इंग्रजी नाव त्यांना आवडत नसे, ते तिला जळू म्हणत. दोराभोवती चार वेढे, आणि शेपूट खालच्या दोन वेढ्यांखालून बाहेर. शेपूट चुकीच्या वेढ्याखालून गेलं तर जळू दिसायला जळूच दिसते, पण धरत नाही. "असली माणसं आमच्याकडे पुष्कळ होती," मामा म्हणत.

प्रत्येक गाठीचे त्यांचे तीन हुकूम होते: बांध, विंचर, आवळ. विंचरणं म्हणजे दोराचे पदर एकमेकांवर चढलेले असतील तर ते बोटांनी सोडवून शेजारी शेजारी बसवणं. जेवताना मध्येच ते मला विचारत, "ती सकाळची विंचरली होती नं?" आणि माझा घास तोंडाशी थांबे.

याचा घराला ताप होता. फाटकाला बोलाइन. दुधाच्या पिशवीला बोलाइन आणि वर शिपाई. कपड्यांच्या दोरीला अशी काही गाठ की पाऊस आला की मामी दोरी सोडायच्या भानगडीत न पडता कपडे भिजू देत. एकदा गॅसवाला फाटक न उघडता आल्यामुळे टाकी रस्त्यावरच ठेवून गेला आणि मामींनी ती आत लोटत आणली. मी वरून पाहत होतो. मी धावत खाली गेलो तोवर टाकी स्वयंपाकघरात पोचली होती. मामी म्हणाल्या, "राहू द्या, तुम्ही गाठी बघा."

आम्ही दोघं लष्कर मोहल्ल्यात दोर घ्यायला गेलो होतो तेही आठवतं. खास दोर मामांच्या मुलीने बंगळूरहून पाठवला होता, हा सरावासाठी. दुकान अरुंद, छतापासून काथ्याची नि नायलॉनची वेटोळी लोंबत होती. दुकानदाराने न बघताच विचारलं, "हसूगा, एम्मेगा?" गाईसाठी हवाय का म्हशीसाठी. मामा म्हणाले, "ननगे." मला. दुकानदाराने आधी मामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या नजरेला उत्तर म्हणून मी घाईने सांगितलं की ते झाडावर चढतात. मग मामांनी दोर तुळईवर टाकून त्याला लोंबकळायची परवानगी मागितली. दुकानदार म्हणाला, गिऱ्हाईक लोंबकळल्यावर तो दोर पुन्हा कोण घेईल. मामांना हे म्हणणं पटलं आणि आम्ही चहा पिऊन परत आलो.

आता पोत्याबद्दल. मामांचं म्हणणं, माणसाने गाठीवर जाण्याआधी माणसाएवढं काहीतरी एक रात्र तिच्यावर राहिलं पाहिजे. म्हणून त्यांनी वाण्याकडून आपल्या वजनाइतका तांदूळ मोजून आणला आणि जाड पोत्यात भरला. दर शनिवारी संध्याकाळी हे पोतं फणसाला जळूवर टांगलं जाई, जमिनीपासून दोन फुटांवर. दोरावर गाठीच्या टोकाशी खडूची रेघ. सकाळी गाठ रेघेखाली बोटभर जरी सरकली असेल तरी नापास. आणि हेल्मेटशिवाय कोणी चढायचं नाही हा नियम असल्यामुळे पोत्याला लाल हेल्मेट असे. दूधवाला पहाटे कुंपणावरून त्याला नमस्कार घालून जाई. नवीन होता तो.

मामा दर शनिवारी स्वतःचं वजन करत. लग्नाचं जेवण झालेलं असलं तर वाढलेल्या वजनाइतका तांदूळ पोत्यात घालत, उपास झाला असला तर काढत. मामी म्हणत, "लग्न लोकांचं आणि तांदूळ आमचा."

सगळ्या गाठी नापास होत. सरकली म्हणून नापास. सरकली नाही, पण रात्री दव पडलं, ओल्या दोराने मदत केली, म्हणून नापास. एकदा काहीच झालं नाही, तर वारा नव्हता म्हणून निकाल राखून ठेवला. पुढच्या शनिवारी वारा होता, तर वाऱ्याने पोतं हललं म्हणून परीक्षाच रद्द. मामी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे निकाल ऐकत आणि गुडघ्याला लावायचं तेल गरम करायला ठेवत.

गुडघ्यामुळे पोतं उचलून पट्ट्यात अडकवायचं काम माझं होतं. सुरुवातीला माझी कंबर धरायची. मग हळूहळू ते सोपं जाऊ लागलं. मी नुकताच एका योगवर्गात नाव घातलं होतं. म्हैसुरात राहून योग न करणं मला कृतघ्नपणा वाटत होता. चार वेळा जाऊन वर्ग सोडला, तरी ताकद वाढतच होती. नगरला बायकोला फोनवर मी सांगितलंसुद्धा की मला योग मानवतोय.

आणि अशात गाठी पास होऊ लागल्या. एक झाली, दुसरी झाली, तिसरीही झाली. मामी त्या रविवारी अंगणात आल्या आणि म्हणाल्या, "आय्तु. झालं नं? आता चढा, आणि डॉक्टरांना फोन करा." मामा मात्र पोत्याभोवती काठी टेकत फिरले. त्यांचा चेहरा उतरला होता. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सगळ्या एकदम शहाण्या कशा झाल्या?"

त्यांनी वजनकाटा अंगणात आणला आणि मला आधी नुसतं, मग पोतं घेऊन वर उभं राहायला सांगितलं. मी पोतं एका दमात छातीशी घेतलं. ते घेतानाच माझ्या मनात आलं की इतका योग चार वर्गांत होत नाही.

मामांनी काटा दोनदा वाचला. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "तांदूळ कोणी काढला?"

"मी," आतून आवाज आला.

"कशाला?"

मामी हात पुसत दारात आल्या. "गाठ पास होऊ दे म्हणून."

मास्तरांच्या घरी जाऊन मुलाचे मार्क वाढवून आणावेत तशा साधेपणाने त्या हे बोलल्या. रोज मापटंभर काढायचं, आणि रविवारी त्याचे डोसे. ते डोसे मीही खाल्ले होते. दर रविवारी खाल्ले होते, आणि वरून तारीफ केली होती.

"अगं, मी मेलो असतो," मामा म्हणाले.

"दोन फुटांवरून कोण मरतंय?"

मामांनी पोत्यावरचं हेल्मेट काढून घेतलं. मी पोतं छातीशी धरून काट्यावरच उभा होतो.

त्यानंतर काही दिवस मामा झाडाकडे गेले नाहीत. पोतं हेल्मेटशिवाय जिन्याखाली पडून होतं. फाटकाला कुलूप लागलं, साधं. मामींनी एकदा गुडघ्याचा विषय काढला तर ते म्हणाले, क्रम ठरलेला आहे. गाठच राहिली नाही तर पुढचं कसं येईल. मामी भाजीची पिशवी घेऊन निघाल्या आणि फाटकाशी जरा थांबून त्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मी वरून पाहिलं. त्या आठवड्यात मी बाजारात तीनदा गेलो आणि त्यांना नको असलेल्या भाज्या आणून दिल्या.

मग एका सकाळी मामा माझ्या दाराशी उभे. गुडघा घेऊन जिना चढून आले होते. धाप लागलेली, पण डोळे चमकत होते.

"गाठ पास आहे," ते म्हणाले.

"पण पोतं हलकं होतं, मामा."

"हो. किती होतं? हिच्याएवढं. बरोबर हिच्याएवढं. काट्यावर उभी केली काल. म्हणजे परीक्षा खोटी नाही झाली. परीक्षा खरी झाली, हिच्या नावाने झाली. माझ्यासाठी गाठ नापास आहे, हिच्यासाठी पास आहे."

मी पुष्कळ विचार केला. यात चूक काढता येईना. आजही येत नाही.

मला वाटलं, मामी हसतील किंवा चिडतील. त्यांनी इडलीचं पीठ झाकून ठेवलं, मुलीची जुनी ट्रॅकपँट आणि मामांचा शर्ट घालून आल्या आणि लाल हेल्मेट चढवून पट्ट्यात पाय घातला. इतक्या लवकर तयार झाल्या की मामाच बावरले. त्यांनी सांगितलं, घाई नाही, उद्या करू. मामी म्हणाल्या, "उद्या दळण आहे."

मामांनी गाठ बांधली.  विंचरली, सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा विंचरली. मग मला म्हणाले, "बघा." आता खरं सांगायला हरकत नाही, तोवर मी परके डोळे म्हणून नुसती मान हलवत असे. त्या सकाळी मी पहिल्यांदा पाहिलं. चार वेढे एकमेकांना लागून, शेपूट खालच्या दोघांखालून, शेपटाला आठच्या आकड्यासारखी गाठ. पट्ट्याकडची बोलाइन, तिचा शिपाई. बोटाने एकेक पदर चाचपला. मग म्हणालो, बरोबर आहे.

आधी दोन फुटांवर बसायचं. मामी लोंबत बसल्या, मामा रेघेकडे डोळे लावून उभे. थोड्या वेळाने मामींनी वरूनच, म्हणजे दोन फुटांवरूनच, विचारलं, "किती वेळ? भात लावायचाय." मामांनी वर जायची खूण केली. फांदीवरून खाली आलेलं दोराचं टोक मी ओढू लागलो, मामी गाठ पुढे सरकवू लागल्या. त्या हलक्या होत्या आणि आयुष्यभर काही ना काही ओढत आल्यामुळे हात पक्के होते. बघता बघता माझ्या खिडकीच्या उंचीला पोचल्या, आणि तिथल्या जाड फांदीवर, दोराला अडकलेल्याच, बसल्या. पाय सोडून.

"काय दिसतंय?" मामांनी विचारलं. 

"शेजारच्यांची पाण्याची टाकी उघडी आहे."

"अजून?"

"तुमचं टक्कल. मागं फार वाढलंय."

"उतर आता."

"नाही," मामी म्हणाल्या. "ऑपरेशनची तारीख घ्या. मग उतरते."

मामांनी वाद घातला. म्हणाले, क्रम असा नव्हता, मी अजून वर गेलो नाही. मामी फांदीवरून शांतपणे म्हणाल्या, "मी आले नं. घरातलं एक माणूस जाऊन आलं की झालं. लग्नाला नाही जात आपण तसं?"

मामा माझ्याकडे वळले. ही गाठ वरचा माणूस हाताने सैल करेल तेव्हाच खाली आणते. खालून ओढून कोणाला उतरवता येत नाही. हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी खिशातून माझा फोन काढून त्यांच्या हातात दिला. मामींनी वरून सांगितलं, स्पीकर लावा. दवाखान्यातल्या मुलीने कन्नडमध्ये विचारलं, कोणता गुडघा. मामा झाडाकडे बघत मोठ्याने म्हणाले, "बलगडे." उजवा. तिने पुढच्या आठवड्यातला वार दिला. मामांनी तो वार तीनदा उच्चारला, तिसऱ्यांदा वरून होकार आला.

"आता उतर."

मामी उतरल्या नाहीत. त्या आमच्याकडे बघतही नव्हत्या. पानांमधून कुठेतरी लांब बघत होत्या आणि पाय हलवत होत्या. "बसते स्वल्प," त्या म्हणाल्या. "काफी पाठवा."

काफी मी केली, कारण त्या घरात ती करणारं माणूस झाडावर होतं. फ्लास्क कापडी पिशवीत घातला. मामींनी पट्ट्याला अडकवलेली बारीक दोरी फांदीवरून खाली सोडली, मामांनी पिशवी तिला बांधली आणि दोरी हलवून खूण केली. पिशवी वर निघाली तेव्हा मी पाहिलं. ती साधी सुरगाठ होती, पायजम्याच्या नाडीला मारतात तशी, एक टोक ओढलं की सुटणारी. पदर एकमेकांवर चढलेले, विंचरायचं नावच नाही. बांधताना मामांनी गाठीकडे पाहिलंच नव्हतं, ते वर बघत होते.

सांगणं माझं काम होतं. मी सांगितलं नाही. पिशवी पानांना घासत, गोल फिरत, सावकाश वर गेली. मामींनी टोक धरून ओढलं, गाठ एका हातात सुटली, आणि त्यांनी झाकणात काफी ओतून घेतली.